जोडायची गाडी विकणारा कॉलिन चॅपमन, आणि चाकांचं गणित

सोमाटणे फाट्यावर व्हील अलाइनमेंटला गेलात की मशिन आधी एकच गोष्ट विचारतं, गाडीचं मॉडेल. स्विफ्ट निवडा, क्रेटा निवडा, आकडे स्क्रीनवर हजर. माझा एक मित्र इथेच एका गाळ्यात ‘लोटस सेव्हन’च्या धर्तीची किट कार जोडतोय. तिचं नाव त्या यादीत सापडणार नाही. चाकं किती कोनात उभी करायची, हे त्याचं त्यालाच ठरवायचंय. जगभरातल्या हौशी लोकांच्या गॅरेजमध्ये हे काम ज्याने पोहोचवलं, त्याची गोष्ट आज सांगतो.

कॉलिन चॅपमनचा जन्म 19 मे 1928 चा, लंडनजवळच्या रिचमंडचा. वडील हॉटेल चालवायचे. पोरगा युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकला. म्हणजे मोटारींचं नाही, पूल आणि इमारतींचं शिक्षण. माझ्या मते इथेच सगळी मेख आहे. तो गाडीकडे शेवटपर्यंत पुलासारखंच बघत राहिला: भार कुठून येतो, कुठे जातो, आणि कुठला तुकडा फुकट बसलाय.

कॉलेजात असताना तो जुन्या गाड्या घ्यायचा-विकायचा. 1947 मध्ये ब्रिटनमध्ये खासगी गाड्यांचा पेट्रोल कोटा बंद झाला आणि धंदा बसला. एक जुनी ऑस्टिन सेव्हन अंगावर पडली. मैत्रीण हेझलच्या घरच्या गॅरेजमध्ये त्याने ती पार उघडली आणि नवी बॉडी चढवली. ती पहिली लोटस. 1952 च्या 1 जानेवारीला कंपनी सुरू झाली तेव्हाचे 25 पौंडही हेझलनेच उसने दिले होते. 1954 मध्ये दोघांचं लग्न झालं.

आता किटची भानगड. ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर लागायचा, सुट्या भागांवर नाही. म्हणून 1957 ची लोटस सेव्हन खोक्यांतून सुटी मिळायची. जोडणीच्या सूचना दिल्या तर कर लागणार, म्हणून कंपनी गाडी ‘सुटी कशी करायची’ याची पुस्तिका द्यायची आणि गिऱ्हाईक ती उलटी वाचायचं, असा किस्सा आजही सांगतात. आपला जुगाड यापेक्षा वेगळा काय असतो!

सेव्हन पाचशे किलोच्या आतली. हे वजन कमी झालं ते पत्रा पातळ करून नाही, तर एका भागाकडून दोन कामं करून घेऊन. तिच्या पुढच्या सस्पेन्शनचा अँटी-रोल बार बघा. वळणावर गाडी कलंडू न देणं हे त्याचं नेहमीचं काम. चॅपमनने त्यालाच वरच्या आर्मचा अर्धा भाग बनवलं. एक आख्खा दांडा वाचला. पण आता तो बार जरा जरी चुकीचा बसला, तर चाकाचा कोनच बदलतो. हलकेपणाची किंमत अशी जोडणाऱ्याच्या माथी येते.

कोन तीन. समोरून पाहिल्यावर चाक आत किंवा बाहेर झुकलेलं दिसतं, तो कॅम्बर. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो, त्यामुळे हँडल आपोआप सरळ होतं. तसाच गाडीतला तिरकेपणा म्हणजे कॅस्टर. आणि वरून पाहिल्यावर दोन चाकं पावलांसारखी आत वळलीत की बाहेर, ते टो.

मित्राने आधी टायरची हवा नीट केली आणि सीटवर 70 किलो वाळूची पोती ठेवली. पाचशे किलोच्या गाडीत ड्रायव्हर म्हणजे सातवा हिस्सा वजन, ते धरलं नाही तर मोजणं व्यर्थ. मग गाडीची उंची, मग कॅस्टर, मग कॅम्बर, आणि टो सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टोही हलतो. टोसाठी दोन्ही बाजूंना ताणलेली दोरी पुरते. कॅम्बरसाठी पूर्वी गवंड्याचा ओळंबा वापरत. आता फोनमधलं लेव्हल ॲप चालतं. मात्र कॅमेऱ्याचा उंचवटा टेकू देऊ नका, रिमवर सरळ पट्टी धरून त्यावर फोन लावा. मग फोन उलटा फिरवून पुन्हा मोजा आणि सरासरी काढा. 13 इंची रिमवर एक अंश म्हणजे जेमतेम पावणेसहा मिलिमीटर. तेवढ्यावर टायर कसं झिजणार आणि वळणावर किती पकडणार, हे ठरतं.

(अशी गाडी जोडली म्हणून लगेच जुन्या हायवेने लोणावळा गाठता येत नाही. नोंदणीआधी मान्यता लागते. ती चाचणी करणारी एआरएआय मात्र पुण्यातच आहे.)

रेसिंगमध्ये चॅपमनने हेच तत्त्व टोकाला नेलं. 1962 च्या लोटस 25 मध्ये नळ्यांची चौकट काढून बॉडीचं कवचच चासी केलं. जिम क्लार्क 1963 आणि 1965 मध्ये विश्वविजेता झाला. 1965 मध्येच त्याने इंडियानापोलिसही जिंकलं. तिथे सगळी वळणं डावीकडची, म्हणून त्या लोटसचे दोन बाजूंचे सस्पेन्शन आर्म वेगवेगळ्या लांबीचे होते! चॅपमन असेपर्यंत संघाने सात कन्स्ट्रक्टर्स अजिंक्यपदं मिळवली.

पण भाग मोडायचेही. योखेन रिंटने 1969 मध्ये त्याला पत्र लिहून गाडी फार नाजूक असल्याचं कळवलं होतं. पुढच्या वर्षीच्या लोटस 72 मध्ये ब्रेक चाकात नव्हते, चासीवर होते. चाकाचं वजन घटलं की ते रस्ता सोडत नाही, म्हणून. चाक आणि ब्रेक जोडायला मध्ये एक शाफ्ट आला. 5 सप्टेंबर 1970 ला मॉन्झामध्ये सरावात रिंट गेला. संशय त्या शाफ्टवरच आला; कडेचे कठडेही धड नव्हते. त्या वर्षीचं विश्वविजेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं. चॅपमनला मी मोठा इंजिनिअर मानतो, पण त्याचं कौतुक करताना रिंटला वगळणं मला पटत नाही.

1973 मध्ये सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. तिच्या धर्तीची रोडस्टर पुढे आपल्या अलिबागजवळ कार्लेखिंडीतही बनली, चिंकारा मोटर्समध्ये, इसुझूचं 1.8 लिटर इंजिन घालून.

शेवट गढूळ होता. डीलोरियन कंपनीच्या पैशांच्या अफरातफरीत चॅपमनचं नाव आलं, पण खटला उभा राहण्याआधीच, 16 डिसेंबर 1982 ला, हृदयविकाराने तो गेला. वय 54. तेव्हा लोटसमध्ये ॲक्टिव्ह सस्पेन्शनवर काम चालू होतं: गाडीचे हेलकावे सेन्सर मोजणार, कॉम्प्युटर हिशेब करणार आणि हायड्रॉलिक्स चाकं वरखाली करणार. हालचाल मोजणारा सेन्सर आज तुमच्या फोनमध्येही आहे. मित्राने कॅम्बर मोजला तो त्याच्याच जोरावर. 1987 मध्ये आयर्टन सेन्नाने मोनॅकोची शर्यत ॲक्टिव्ह सस्पेन्शनच्या लोटसमधून जिंकली. 1994 पासून फॉर्म्युला वनने ते तंत्र बंद केलं.