बोलण्यातून कळलेले विनोबा

गीतेत धृतराष्ट्राच्या वाट्याला एकच श्लोक आला आहे. तो मनाने कसा होता, हे व्यासांनी तिथे सांगितलेले नाही. आंधळा बाप रणातली बातमी विचारतो, आणि विचारता विचारताच आपली मुले वेगळी व भावाची मुले वेगळी करून मोकळा होतो. झाले! सारा धृतराष्ट्र तेवढ्यात उघडा पडला. नाथमहाराजांच्या भारुडांतही तेच. जोशी येतो, वाघ्या येतो, जो तो आपल्या बोलीत बोलतो नि आपल्यापुढे उभा राहतो.

आपल्या काळात असे बोलण्यातूनच कळलेले पुरुष म्हणजे आचार्य विनोबा भावे. बसून आत्मचरित्र लिहावे, हे त्यांनी कधी केले नाही. प्रवचनाच्या ओघात घरच्या गोष्टी निघत, त्या ऐकणाऱ्यांनी टिपून ठेवल्या.

पेण तालुक्यातले गागोदे हे त्यांचे गाव. जन्म ११ सप्टेंबर १८९५, पाळण्यातले नाव विनायक. या घरात एक आंधळे काका राहत. पुढे भावे मंडळी बडोद्यास गेल्यावर काका वारल्याची बातमी आली, पण घरात कोणी सुतकाचे स्नान केले नाही. मुलाने आईला कारण विचारले. रुक्मिणीबाईंनी सांगितले, की ते आपल्या नात्याचे नव्हतेच. त्यांना कोणी नव्हते, म्हणून आपल्याकडे राहत होते. इतकी वर्षे पोराला परकेपणाचा वासही आला नव्हता! त्या माउलीच्या स्वभावाचे वर्णन आणखी काय करावे?

याच आईला संस्कृत गीता कळेना. मराठीतली हवी म्हणाली. मुलाने एक पुस्तक आणून दिले, तेही तिला जड गेले. तेव्हा, तूच का करीत नाहीस, असे तिने सहज विचारले. आई १९१८ साली गेली. गीताई लिहायला विनोबा बसले ते ७ ऑक्टोबर १९३० रोजी, आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला ती पुरी झाली. आईच्या एका प्रश्नाचे हे उत्तर, पण ते ऐकायला ती नव्हती.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवारी अठरा अध्याय सांगितले. साने गुरुजींनी ते उतरून घेतले म्हणून आज आपल्या हाती गीताप्रवचने आहेत. ती वाचताना ओळ ओळ कानांवर पडते. समोर कोणी बसले आहे, असेच वाटते.

भूदानही एका संवादातूनच निघाले. १८ एप्रिल १९५१, तेलंगणातले पोचमपल्ली. हरिजनांना किती जमीन लागेल, हे त्यांनी विचारले. त्यांनी ऐंशी एकर सांगितली. मग तोच प्रश्न त्यांनी जमलेल्या गावाला केला, तेव्हा रामचंद्र रेड्डी उठून शंभर एकर देतो म्हणाले.

एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. आणीबाणीच्या काळात, १९७५ मध्ये, त्यांचे वर्षाचे मौन चालू होते. त्यांनी महाभारतातल्या अनुशासनपर्वाचे नाव काढले, आणि सरकारपक्षाने त्याचा अर्थ आपल्या सोयीने घेतला. आपल्या मनात आचार्यांचे अनुशासन होते, हा खुलासा पुढे झाला. पण दोन शब्द मौनातून आले होते; मागचापुढचा संवाद नव्हता. ज्यांचा जीव बोलण्यात, त्यांच्याविषयी गैरसमज व्हायला तेवढे पुरले.

वारकऱ्याच्या जिव्हाळ्याची गोष्ट मात्र मागे राहिली. १९५३ च्या सप्टेंबरात बिहारमध्ये वैद्यनाथधामला हरिजनांसह दर्शनास जाताना त्यांना मार बसला, कानाला इजा झाली. मारणाऱ्यांना शिक्षा करू नका, एवढेच त्यांनी सांगितले. पुढे जगन्नाथपुरीला सोबतच्या फ्रेंच बाईंना आत घेईनात, म्हणून ते दारातूनच परतले. ज्याला देव सर्वांचा वाटतो, त्याने एकट्याने पुढे कसे व्हावे? मग पदयात्रा पंढरीला आली. इथे मात्र मंदिराकडून बोलावणे आले. २९ मे १९५८ रोजी त्यांच्याबरोबर एक मुसलमान बहीण होती, एक ख्रिस्ती बहीणही होती, आणि सारी मंडळी विठोबाच्या पायांशी गेली. तिथे विनोबांच्या डोळ्यांना धार लागली. एवढा बोलका माणूस, पण त्या घटकेला त्यांच्या तोंडून शब्द फुटेना.