एडमंड अल्बियस : वेलीस फळ धरविणारा दास

परड्यातील तांबड्या भोपळ्याचा वेल फुलांनी भरून जावा आणि कोवळी फळे मात्र पिवळी पडून गळावीत, हे कळंबा व आसपासच्या गावांत पुष्कळांनी पाहिले असेल. यावरील सोपा हस्तोपाय एका दास मुलास ठाऊक होता, आणि त्याच्या बळावर त्याने एक मोठी गोष्ट साधली. त्याचे चरित्र असे.

एडमंडचा जन्म 1829 साली हिंदी महासागरातील बूर्बों, म्हणजे आजच्या रियुनियन बेटावर, सेंत सुझान येथे झाला. आई बाळंतपणातच वारली. शाळा त्याच्या वाट्यास आली नाही; परंतु त्याचा धनी बेलिये-बोमों यास वनस्पतींचा नाद असल्यामुळे मुलगा बागेत त्याच्या मागे मागे फिरे. भोपळ्याच्या कुळातील एका वेलीच्या नर फुलातील पराग मादी फुलास कसा लावावा, हे धन्याने त्यास शिकविले.

त्याच बागेत व्हॅनिलाची एक वेल होती. तिचे मूळ स्थान मेक्सिको. तेथील माश्या या बेटावर नसल्यामुळे सुमारे वीस वर्षांत तिला एकही शेंग आली नव्हती. 1841 साली बारा वर्षांच्या एडमंडने तिचे फूल उकलून पाहिले. पराग व स्त्रीकेसर यांच्यामध्ये एक पातळ पडदा आहे, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने बारीक काडीने तो पडदा उचलला, अंगठ्याने पराग दाबून बसविला, आणि शेंग धरली! धन्याचा प्रथम विश्वास बसेना. पुढे त्यानेच एडमंडला इतर मळ्यांत ही रीत शिकविण्यास पाठविले.

1848 साली दास्य संपले व एडमंडला अल्बियस हे आडनाव मिळाले. धन मात्र मिळाले नाही. चोरीच्या आरोपावरून त्यास तुरुंगवास घडला. त्याने बेटावर केलेला उपकार स्मरून मुदतीपूर्वी त्याची सुटका झाली. एका नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञाने या शोधाचे श्रेय आपणाकडे ओढू पाहिले, तेव्हा जुन्या धन्यानेच पत्र लिहून एडमंडची बाजू राखली. 1880 साली तो दारिद्र्यातच वारला. व्हॅनिलाच्या मळ्यांत आजही बहुधा त्याचीच रीत चालते.

आता आपल्या वेलीकडे वळू. भोपळ्याच्या ज्या फुलाखाली इवले फळ दिसते ते मादी. लांब, बारीक देठाचे ते नर. फुले पहाटे उमलतात. म्हणून सकाळी लवकर ताजे नर फूल खुडावे, पाकळ्या काढाव्यात, आणि मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवावा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांस पुरते. दुधी व दोडका यांची फुले संध्याकाळी उमलतात. त्यांस हेच काम तेव्हा करावे. वेल फुलावर असता कीटकनाशक फवारू नये, कारण हेच काम मधमाश्या मोबदल्यावाचून करीत असतात.

ज्याला मालमत्ता म्हणून मोजले गेले, त्या मुलाच्या बोटांनी जगाला एक पीक दिले. आपल्या घरातील लहान मूल वेलीजवळ बसून फुलांविषयी प्रश्न विचारील, तेव्हा त्यास दटावू नये. फूल त्याच्या हाती द्यावे.