अबू रैहान अल्-बीरूनी : कोरड्या भूमीत समुद्र पाहणारा विद्वान

समुद्र म्हटला की आपल्यापुढे मुंबई, रत्नागिरी, गोवा ही नावे उभी राहतात. आपल्या बीड जिल्ह्यातील मुलाने समुद्र पाहिलेला असतो तो बहुधा चित्रात किंवा पडद्यावर. जेथे मृगापासून आभाळाकडे डोळे लावून बसावे लागते, तेथील मुलांचा सागराच्या शास्त्राशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. परंतु भरती-ओहोटी का होते, समुद्राची जमीन कशी होते आणि जमिनीच्या जागी समुद्र कसा येतो, यांविषयी हजार वर्षांपूर्वी मूलगामी विचार करणारा एक थोर पुरुष अशाच प्रदेशात जन्मला. त्याच्या गावापासून महासागर दीड हजार किलोमीटरहून अधिक दूर होता. त्या पुरुषाचे नाव अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल्-बीरूनी. त्यांच्या जीवनाची ओळख आपल्या विद्यार्थ्यांना व पालकांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जन्म आणि शिक्षण

अल्-बीरूनी यांचा जन्म हिजरी सन ३६२ मध्ये, म्हणजे इ. स. ९७३ च्या सप्टेंबरात, ख्वारिझम देशातील काथ या राजधानीच्या वेशीबाहेर झाला. फारसीत बीरून म्हणजे बाहेर. त्यावरून त्यांना हे नाव पडले. हा प्रदेश आज उझबेकिस्तानात आहे आणि तेथील एका शहराला त्यांचेच नाव दिलेले आहे. बाजूने आमू दर्या ही मोठी नदी वाहत असे व सभोवती वाळवंट पसरलेले होते.

त्यांची मातृभाषा ख्वारिझमी. त्या भाषेत शास्त्राचे ग्रंथ नव्हते, म्हणून त्यांनी अरबी आणि फारसी या दोन्ही भाषा कष्टाने आत्मसात केल्या. आपल्या घरात एक भाषा, शाळेत दुसरी व कचेरीत तिसरी अशी परिस्थिती असलेल्या मुलांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या भाषेत त्यांनी आपले मोठमोठे ग्रंथ लिहिले ती त्यांच्या आईची भाषा नव्हती.

राजघराण्यातील गणितज्ञ अबू नस्र मन्सूर हे त्यांना गुरू म्हणून लाभले. वयाच्या सतराव्या वर्षीच सूर्याची उंची मोजून या मुलाने आपल्या शहराचे अक्षांश काढले. पुढे पृथ्वीचा मोठा अर्धगोल तयार करून त्यावर निरनिराळी गावे योग्य ठिकाणी मांडण्याचा उद्योग त्यांनी आरंभिला.

हालअपेष्टांची वर्षे

इ. स. ९९५ मध्ये ख्वारिझममध्ये सत्तांतर झाले, जुने राजघराणे नष्ट झाले आणि बावीस वर्षांच्या या तरुणाला देश सोडून पळावे लागले. उपकरणे गेली, आश्रय गेला. इराणातील रय या शहरी त्यांनी अत्यंत गरिबीत दिवस काढले. तेथील एका ज्योतिर्विदाशी त्यांचा शास्त्रीय प्रश्नावर मतभेद झाला, तेव्हा त्या गृहस्थाने त्यांच्या फाटक्या स्थितीकडे पाहून त्यांचे म्हणणे तुच्छतेने झिडकारले. पुढे बीरूनींची स्थिती सुधारली, तेव्हा तेच गृहस्थ स्नेहाने वागू लागले. मुद्दा तोच होता, माणूसही तोच होता; बदलला होता तो अंगावरचा कपडा. गरिबीमुळे वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलांनी हा प्रसंग विसरू नये.

या धावपळीतही त्यांचे काम थांबले नाही. इ. स. ९९७ च्या मे महिन्यात चंद्रग्रहण होते. बीरूनींनी ते काथहून पाहिले आणि अगोदर ठरवल्याप्रमाणे बगदादहून अबुल वफा या प्रसिद्ध गणितज्ञाने पाहिले. दोन्ही ठिकाणच्या वेळांमधील फरकावरून त्यांनी दोन शहरांच्या रेखांशांतील अंतर काढले. तार नाही, टेलिफोन नाही. अशा काळात शेकडो कोस दूर असलेल्या दोन विद्वानांनी मिळून केलेला हा प्रयोग होता. तरुण इब्न सीना यांच्याशीही त्यांचा तत्त्वज्ञान व पदार्थविज्ञान यांवर कडाक्याचा पत्रव्यवहार झाला.

पुढे ते गुरगाणच्या राजाकडे राहिले. तेथे इ. स. १००० च्या सुमारास निरनिराळ्या लोकांच्या कालगणनेवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला. नंतर ते मायदेशी परतले, परंतु इ. स. १०१७ मध्ये गझनीच्या सुलतान महमूदाने ख्वारिझम जिंकले आणि तेथील विद्वानांना आपल्या राजधानीत नेले. त्यांत बीरूनी होते. दुसऱ्यांदा त्यांचा देश सुटला.

पुढच्याच वर्षी काबूलजवळच्या एका खेड्यात ते होते. मन खिन्न, जवळ एकही उपकरण नाही. तशा स्थितीत हिशेबाच्या पाटीच्या पाठीमागे त्यांनी वर्तुळाचा कंस आखला, ओळंबा लावला आणि सूर्याची उंची मोजून त्या खेड्याचे अक्षांश काढले. आमच्या शाळेत प्रयोगशाळा नाही, हे कारण सांगण्यापूर्वी आपण सर्वांनी या पाटीची आठवण करावी.

दगड काय सांगतात

इ. स. १०२५ मध्ये बीरूनींनी शहरांची स्थाने निश्चित करण्याविषयीचा ग्रंथ पुरा केला. गझनीहून किब्ल्याची दिशा अचूक कशी काढावी, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. नमाजाची दिशा शोधता शोधता ते पृथ्वीच्या इतिहासापर्यंत पोहोचले. आजच्या भाषेत ज्याला सागरविज्ञान व भूविज्ञान म्हणतात, त्यांतील फार महत्त्वाचा विचार या ग्रंथात आला आहे.

तो विचार असा. समुद्र आणि जमीन यांच्या जागा कायमच्या ठरलेल्या नाहीत. अरबस्तानचे वाळवंट एके काळी समुद्राखाली होते. तेथे विहिरी खोदताना माती, वाळू आणि गोटे यांचे थरावर थर लागतात, आणि त्यांत शंखशिंपले सापडतात. गुरगाण आणि ख्वारिझम यांच्यामधील वाळवंटातले दगड फोडले तर त्यांच्या पोटातही शिंपले निघतात. ते कोणी तेथे नेऊन ठेवलेले नाहीत. जेथे शिंपला आहे तेथे केव्हातरी पाणी होते. असे बदल इतके सावकाश होतात की कोणत्याही राष्ट्राच्या बखरीत त्यांची नोंद सापडायची नाही. त्यांची बखर खडकांतच वाचावी लागते. आमू दर्याने आपला मार्ग कसा बदलला, याचाही त्यांनी याच रीतीने शोध घेतला.

हिंदुस्थानाचा अभ्यास

सुलतानाच्या स्वाऱ्यांच्या काळात बीरूनी पंजाबच्या बाजूस आले. झेलमजवळच्या नंदना किल्ल्यावर त्यांनी पृथ्वीची त्रिज्या मोजली. आधी डोंगराची उंची काढली. मग माथ्यावरून क्षितिज डोळ्याच्या पातळीपेक्षा किती अंशांनी खाली दिसते ते पाहिले आणि त्यावरून त्रिकोणमितीने गणित मांडले. त्यांचे उत्तर आजच्या मोजमापाच्या पुष्कळ जवळ येते.

याच काळात, वयाची चाळिशी उलटल्यावर, ते संस्कृत शिकू लागले. पंडितांच्या पायाशी बसून त्यांनी ज्योतिष, गणित, तत्त्वज्ञान आणि पुराणे यांचा अभ्यास केला. इ. स. १०३० च्या सुमारास हिंदुस्थानाविषयीचा त्यांचा जगप्रसिद्ध ग्रंथ, किताबुल हिंद, तयार झाला. दुसऱ्या धर्माच्या लोकांविषयी लिहिताना त्यांनी निंदा टाळली व त्यांचे म्हणणे त्यांच्याच ग्रंथांतून मांडले. महमूदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट नष्ट झाली व विद्या दूर निघून गेली, हेही गझनीत राहून लिहिण्यास ते कचरले नाहीत.

आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे या ग्रंथात आपला मुलूखही आहे. निरनिराळ्या मार्गांवरील ठिकाणे व अंतरे देताना त्यांनी गोदावरी नदी, मरहट्ट देश आणि समुद्रकाठी ठाणे ही राजधानी असलेले कोकण यांचा उल्लेख केला आहे. तीच गोदावरी आज गेवराई आणि माजलगाव तालुक्यांच्या कडेने वाहते.

त्याच ग्रंथात उत्तर हिंदुस्थानच्या मैदानाविषयी त्यांनी मांडलेला विचार विद्यार्थ्यांनी मुद्दाम समजून घ्यावा. त्यांनी पाहिले की जमीन खोल खणली तरी गोल गुळगुळीत गोटे लागतात. डोंगराजवळ, जेथे नद्यांना जोर असतो, तेथे हे दगड मोठे असतात. पुढे ते लहान होत जातात आणि जेथे प्रवाह मंदावतो, नदी समुद्राकडे येते, तेथे निव्वळ वाळू उरते. यावरून त्यांनी अनुमान काढले की येथे पूर्वी समुद्र असावा आणि नद्यांनी आणलेल्या गाळाने तो हळूहळू भरून निघाला असावा.

सोमनाथजवळच्या भरती-ओहोटीचेही त्यांनी वर्णन केले आहे. भरतीची रोजची वेळ चंद्राच्या उगवण्या-मावळण्याशी आणि तिचा महिन्यातील चढउतार चंद्राच्या कलांशी जोडलेला आहे, ही गोष्ट येथील जाणत्या लोकांना ठाऊक असल्याचे त्यांनी आदराने नोंदवले आहे.

हजार वर्षांनंतर

आजच्या भूशास्त्राने बीरूनींच्या अनुमानात दुरुस्ती केली आहे. गंगेचे मैदान म्हणजे हिमालयाच्या पायथ्याशी खचलेला प्रचंड खळगा गाळाने भरून झालेली भूमी होय, असे आता मानतात. परंतु गाळ पाहून भूमीचा इतिहास वाचण्याची त्यांची रीत कायम टिकली. हिमालयाच्या जागी एके काळी टेथिस नावाचा समुद्र होता. गंडकी नदीत सापडणारे शाळिग्राम हे त्याच समुद्रातील प्राण्यांचे अवशेष आहेत. आणि नद्यांचे गाळ टाकण्याचे काम अद्याप चालूच आहे. गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांच्या गाळाने बंगालच्या उपसागराच्या तळाशी सुमारे ३००० किलोमीटर लांबीचा पंखा पसरला आहे. पाण्याखालचा तो जगातील सर्वांत मोठा पंखा समजला जातो.

आपल्या जिल्ह्याचेही सागरतळाशी नाते आहे. आपल्या वाड्यांच्या, वेशींच्या व मंदिर-मशिदींच्या भिंतींतला काळा दगड हा बेसाल्ट होय. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, त्याच्या थरांनी हे पठार झाले. महासागरांचा तळही मुख्यतः बेसाल्टचाच आहे. अरबी समुद्राच्या तळाशी कार्ल्सबर्ग नावाची पर्वतरांग आहे. तेथे भेगांतून वर येणाऱ्या लाव्ह्याने आजही नवा तळ तयार होत आहे. बिंदुसरेच्या पात्रातला काळा गोटा आणि त्या खोल तळाचा खडक हे सख्खे नसले तरी चुलत भाऊ आहेत.

या शास्त्राचे मोठे केंद्र आपल्या शेजारी गोव्यात आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली. तिच्या ‘गवेषणी’ या जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी सागरतळावरून मँगनीजयुक्त धातूंचे गोळे प्रथम वर काढले. त्या सुमारास संस्थेचे संचालक होते डॉ. सय्यद झहूर कासिम. पुढे त्याच वर्षाच्या डिसेंबरात गोव्याहून निघालेल्या भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे नेतृत्वही त्यांनीच केले. २०१५ मध्ये दिवंगत झालेले हे शास्त्रज्ञ जन्मले होते अलाहाबादेत, म्हणजे समुद्रापासून दूरच.

अखेर

बीरूनींनी पुढेही लेखन सोडले नाही. ज्योतिषशास्त्रावर त्यांनी सुलतान मसऊदच्या नावे महाग्रंथ लिहिला. सांगतात की त्याबद्दल सुलतानाने हत्तीवर लादून चांदी पाठवली, ती त्यांनी परत केली. रत्ने आणि धातू यांचे वजन पाण्याच्या साहाय्याने तोलून त्यांनी त्यांची घनता काढली. मोत्यांवर लिहिले, औषधींवर लिहिले. त्यांच्या ग्रंथांची संख्या शंभराहून अधिक भरते; दुर्दैवाने त्यांतले थोडेच उरले आहेत. इ. स. १०५० च्या सुमारास गझनी येथे त्यांचे निधन झाले. मृत्युशय्येवर असताना भेटीस आलेल्या एका फकीहाला त्यांनी वारसाहक्काचा एक अवघड प्रश्न विचारला आणि उत्तर नीट समजून घेतले. तो गृहस्थ घराबाहेर पडतो तोच आतून आक्रोश ऐकू आला, अशी कथा आहे. चंद्राच्या पलीकडील बाजूच्या एका विवराला आज त्यांचे नाव आहे.

पालकहो, या चरित्राचा आपल्याशी संबंध येथे येतो. ऊसतोडीच्या हंगामात मुलाला बरोबर नेणे, दहावीनंतर मुलीचे शिक्षण थांबवणे, शास्त्र शाखा आपल्यासाठी नाही असे ठरवून टाकणे, हे निर्णय आपल्या घरात होतात. त्यामागे अडचणी असतात, हे खरे. पण दोनदा देशोधडीला लागलेल्या बीरूनींच्या अडचणी त्याहून लहान नव्हत्या. वसतिगृहे आहेत, शिष्यवृत्त्या आहेत; त्यांची चौकशी शाळेत येऊन करा. मुलगा असो वा मुलगी, शिकणारे मूल गावात राहील अशी व्यवस्था करा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, उन्हाळ्यात सिंदफणा किंवा बिंदुसरा कोरडी पडते तेव्हा तिच्या पात्रात जरूर जा. कोठे मोठे गोटे आहेत, कोठे बारीक वाळू आहे ते पाहा. काठ कोसळला असेल तेथे थर मोजा व वहीत लिहून ठेवा. बीरूनींनी याहून वेगळे काही केले नव्हते. मग पुढे कोणी गोव्याच्या त्या संस्थेत जाऊन सागराच्या तळाचा गाळ तपासू लागला, तर त्याला तो अनोळखी वाटणार नाही.