काळ्या पाषाणातील शंख आणि रेव्ह. स्टीफन हिस्लॉप

सोलापूरच्या नवी पेठेखालचा काळा पाषाण थेट नागपूरपर्यंत पसरलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून तो घडला. लाव्ह्याच्या दोन लोटांमधल्या शांत काळात साठलेला गाळ त्यात काही ठिकाणी पातळ थरांच्या रूपाने आढळतो, आणि त्या गाळात कधी कधी शंख मिळतात. हे शंख समुद्रातले की गोड्या पाण्यातले, याचा शोध घेणारे रेव्ह. स्टीफन हिस्लॉप यांचे आम्ही येथे स्मरण करीत आहोत.

हिस्लॉप यांचा जन्म १८१७ मध्ये स्कॉटलंडमधील डन्स येथे झाला. १८४५ मध्ये ते फ्री चर्चचे मिशनरी म्हणून नागपुरास आले. त्यांनी शाळा चालवली, गोंड समाजाविषयी टिपणे केली आणि सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह टाकळी परिसरातील जीवाश्म गोळा केले.

शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरले, तर बहुतेक शंखांचे तोंड उजवीकडे येते. टाकळीच्या फायसा या शंखाचे मात्र ते डावीकडे येते. या शंखाचे आजचे भाऊबंद तळ्यांत आणि संथ पाण्यात राहतात. त्याच्या सोबतीचे शंखही गोड्या पाण्यातलेच होते. त्यावरून तेथे एकेकाळी तळे असावे, असा निष्कर्ष हिस्लॉप यांनी काढला. याउलट राजमहेंद्रीजवळच्या थरांत स्क्रूसारखा लांब, अनेक वेढ्यांचा टरिटेला आणि कालवांचे शिंपले होते. ही उथळ समुद्राची आणि खाडीची खूण होय. हे वर्णन १८६० मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पुढे २००९ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथील थरांत सागरी सूक्ष्मजीवांचे अवशेष आढळल्याची नोंद झाली. त्यामुळे समुद्राचा एखादा फाटा मध्य भारतात शिरला होता काय, या प्रश्नाला नव्याने महत्त्व आले.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून हिस्लॉप बोरीकडे घोड्यावरून परतत होते. वाटेत पुराने भरलेल्या नाल्यात बुडून त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे ४५ वर्षांचे होते. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय आज त्यांचे नाव धारण करून उभे आहे.

ते आपल्या कॅथलिक परंपरेतील नव्हते. तरीही जेथे तळे होते तेथे तळे आणि जेथे समुद्र होता तेथे समुद्र, एवढेच सांगण्याचा त्यांचा प्रामाणिकपणा आम्हांला अनुकरणीय वाटतो. त्यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.