ओमाहा लोकांच्या डॉक्टरीणबाई

डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांचे नाव आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. १८८६ च्या मार्च महिन्यात त्या अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथे दुसरी एक तरुणी दाखल झाली. दोघींचे जन्मवर्षही एकच, १८६५. तिचे नाव सुसान ला फ्लेश. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी ओमाहा नावाच्या जमातीत ती जन्मली होती. तिचे चरित्र आम्ही आज थोडक्यात सादर करीत आहो.

ओमाहा लोक नेब्रास्का प्रांतात सरकारने राखून दिलेल्या प्रदेशात राहत. सुसानचे वडील जोसेफ ला फ्लेश हे त्यांचे मुख्य होते. ती लहान असता एक वृद्ध स्त्री फार आजारी पडली व सुसान तिच्या उशाशी बसली. सरकारी गोऱ्या डॉक्टराकडे चार वेळा निरोप गेला. येतो असे उत्तर प्रत्येक वेळी आले, पण डॉक्टर आला नाही. उजाडण्यापूर्वी म्हातारी मरण पावली. आपल्या लोकांच्या जिवाची किंमत त्या डॉक्टराच्या लेखी किती, हे त्या रात्री मुलीस कळून चुकले.

मिशन शाळेत व पुढे दूरच्या शाळांत शिकून ती वैद्यकीय विद्यालयात गेली. मूळ रहिवाशांच्या हितासाठी झटणाऱ्या ख्रिस्ती भगिनींनी खर्चास मदत केली. १८८९ साली ती आपल्या वर्गात पहिली आली. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत वैद्यकीय पदवी मिळवणारी ती पहिली स्त्री होय.

शहरात राहून सुखाने धंदा करण्याऐवजी त्या स्वजनांत परतल्या. नेमणूक सरकारी शाळेतील मुलांपुरती होती. परंतु लवकरच सुमारे १२०० लोकांचा भार त्यांजवर पडला. कधी पायी, कधी घोड्यावर, बर्फातून त्या घरोघर जात. रोग्याशी त्याच्याच भाषेत बोलत, औषध समजावून देत, पत्रे वाचून दाखवीत, भांडणे मिटवीत. रात्री कोणास वाट चुकू नये म्हणून त्यांच्या घरी दिवा तेवत असे. ह्या श्रमांनी प्रकृती ढासळून १८९३ साली त्यांस नोकरी सोडावी लागली.

पुढे हेन्री पिकॉट ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला व दोन पुत्र झाले. दारूने जमातीचा नाश चालला होता. ते दुःख त्यांच्या स्वतःच्या घरातही शिरले. १९०५ साली त्या विधवा झाल्या. त्याच वर्षी प्रेस्बिटेरियन मंडळीने त्यांस ओमाहा लोकांत मिशनरी नेमले. दारूबंदीसाठी त्या झगडल्या. क्षयरोग, माश्या व सर्वांनी एकाच पेल्याने पाणी पिणे ह्यांविरुद्ध त्यांनी लोकांस जागे केले. जमिनीच्या हक्कांसाठी १९१० साली त्या शिष्टमंडळाबरोबर वॉशिंग्टनला गेल्या.

१९१३ साली वॉल्टहिल गावी त्यांचे इस्पितळ उघडले. ते सरकारी पैशाविना उभे राहिले. बराचसा खर्च प्रेस्बिटेरियन मिशनने सोसला. तेथे गोऱ्या रोग्यांसही दार मोकळे होते. ज्यांच्या डॉक्टराने ओमाहा म्हातारीकडे पाठ फिरवली, त्यांचीही शुश्रूषा त्या ओमाहा स्त्रीच्या इस्पितळात झाली. दोनच वर्षांनी, १८ सप्टेंबर १९१५ रोजी, हाडांच्या कर्करोगाने त्या प्रभूकडे गेल्या. इस्पितळास पुढे त्यांचेच नाव मिळाले.

वाचकहो, औषधे त्या गोऱ्या डॉक्टराकडेही होती. त्याजजवळ नव्हता तो आदर. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण मंडळीत वारंवार सांगतो. मग पाड्यावरच्या एखाद्या झोपडीतून आपणांस बोलावणे येते, तेव्हा ते कितव्या निरोपाला आपण उठतो? आमच्या सेवकबंधूंनी व आम्हीही हा प्रश्न प्रार्थनेत स्वतःस विचारावा.