नंदलाल बोस : वसतिगृहाचीच शाळा करणारे मास्तरमोशाय

बडोद्यात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी कीर्तिमंदिर बाहेरून अनेकदा पाहिले असेल. आत जाऊन भिंतींवरची चित्रे निवांत पाहिलेले मात्र थोडेच. ती चित्रे नंदलाल बोस यांची आहेत. भारताच्या राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखित प्रतीची सजावट त्यांनी व त्यांच्या शिष्यांनी केली, हे आपण शाळेत वाचलेले असते. पण या थोर चित्रकाराने तीस वर्षे एक निवासी कलाशाळा चालवली आणि मुले जिथे झोपतात, जेवतात, वावरतात ती जागाही शिकवणारी असली पाहिजे हे प्रत्यक्ष करून दाखवले. आज त्यांच्या जीवनाची ही बाजू सभासदांसमोर मांडावीशी वाटते.

नंदलालांचा जन्म 3 डिसेंबर 1882 रोजी बिहारमधील मुंगेर जिल्ह्यातल्या खडगपूर येथे एका बंगाली कुटुंबात झाला. गावातले कुंभार आणि मूर्तिकार पाहत त्यांचे बालपण गेले. पुढे शिक्षणासाठी ते कलकत्त्याला आले. घरच्यांच्या आग्रहाने त्यांनी वाणिज्य शाखेत नाव घातले, पण तिथे त्यांचे मन रमले नाही आणि परीक्षाही साधल्या नाहीत. मी स्वतः बी.कॉम. होऊन जन्मभर बँकेत जमाखर्च पाहिला, त्यामुळे हा तपशील वाचताना मला हसू आले. वाणिज्याचे नुकसान झाले आणि देशाचा फायदा झाला, असेच म्हणावे लागेल. अखेर घरच्यांची समजूत घालून ते कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत दाखल झाले. तिथे अवनींद्रनाथ टागोर त्यांना गुरू म्हणून लाभले.

1909 च्या हिवाळ्यात ते आपल्या मुलखात आले. लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम हाती घेतले होते. भगिनी निवेदिता यांच्या आग्रहामुळे नंदलाल आणि असितकुमार हालदार हे तरुण त्यात सामील झाले. मुक्काम तंबूत, दिवसभर लेण्यांच्या अंधारात काम आणि संध्याकाळी परत छावणीत, असा दिनक्रम होता. अजिंठ्याची चित्रे कोणा एकाची नाहीत. लेण्यांत एकत्र राहणाऱ्या भिक्षूंच्या विहारांच्या त्या भिंती आहेत. राहण्याची जागा आणि चित्राची जागा तिथे एकच आहे. नंदलालांच्या पुढच्या कामाकडे पाहिले की अजिंठ्याची ही शिकवण त्यांच्यात खोल रुजली होती, असे मला वाटते. 1921 मध्ये ग्वाल्हेर संस्थानासाठी त्यांनी सहकाऱ्यांसह बाघ लेण्यांतील चित्रांच्याही प्रतिकृती केल्या.

रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात 1919 साली कलाभवन सुरू केले होते. नंदलाल तिथे स्थिरावले, 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला प्रमुख झाले आणि 1951 मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी ती संस्था सांभाळली. मुले त्यांना मास्तरमोशाय म्हणत. सुरुवातीला विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. शिकवणे वर्गाच्या तासापुरते नसे. सकाळी फिरायला जाताना पान, फांदी, म्हैस, संथाळ पाड्यातली झोपडी जे दिसेल ते लहान कार्डावर काढायचे, ही सवय त्यांनी स्वतः आयुष्यभर पाळली. दूर गेलेल्या विद्यार्थ्यालाही ते अशाच चित्र काढलेल्या कार्डावर पत्र पाठवत. हिवाळ्यात सगळे मिळून सहलीला जात आणि मुक्कामात स्वयंपाकपाण्याची कामे वाटून घेत.

शांतिनिकेतनात 10 मार्चला गांधी पुण्याह पाळतात. 1915 साली गांधीजी तिथे आले असता मुलांनी आपली कामे आपण करावीत असे त्यांनी सुचवले होते. त्याची आठवण म्हणून त्या दिवशी नोकरांना सुट्टी असते आणि झाडलोट, स्वयंपाक सारे विद्यार्थी व शिक्षक करतात. नंदलालांच्या कलाभवनाला हे वातावरण मानवणारेच होते.

या विचाराचे सर्वांत ठळक रूप म्हणजे ‘कालो बाडी’, अर्थात काळे घर. 1930 च्या दशकाच्या मध्यावर कलाभवनाच्या मुलांसाठी हे वसतिगृह उभे राहिले. पैसा थोडा होता, म्हणून भिंती मातीच्या केल्या. पाऊस आणि वाळवी यांपासून बचाव व्हावा म्हणून मातीच्या गिलाव्यात डांबर मिसळले. त्यामुळे घर काळे दिसू लागले. मग नंदलाल, रामकिंकर बैज आणि विद्यार्थी यांनी मिळून त्या भिंतींवर उठावशिल्पे घडवली. भारहूत, महाबलीपुरम, सिंधू संस्कृतीच्या मुद्रा, इजिप्त, असे जगभरचे नमुने त्यांत आले. संग्रहालयात जाणे न परवडणाऱ्या मुलाच्या खोलीबाहेरच संग्रहालय उभे राहिले. स्वतःच्या हाताने सजवलेल्या घरात मुले राहू लागली.

तिथे कोण मुले येत, हेही पाहण्यासारखे आहे. रामकिंकर बांकुऱ्याच्या एका गरीब नाभिक कुटुंबातले होते. ते 1925 मध्ये आले आणि आधुनिक भारतीय शिल्पकलेतले मोठे नाव झाले. बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी लहानपणापासून फार अधू होती. असा मुलगा चित्रकार कसा होणार, ही शंका स्वाभाविक होती, पण त्यांना राहू दिले गेले. त्याच बिनोदबिहारींनी 1940 साली कलाभवनाच्या वसतिगृहाच्या छतावर बीरभूमचे गावजीवन रंगवले. तळे, झाडे, माणसे, गुरे असे ते चित्र अंथरुणावर पडल्या पडल्या मुलांना दिसत असे. पुढे 1950 च्या दशकात त्यांची दृष्टी पूर्ण गेली, तरीही त्यांचे काम थांबले नाही. एका वसतिगृहाने एका मुलाला दार बंद केले असते तर काय गमावले असते, याचा हिशेब कोणत्याही खातेवहीत बसत नाही.

महाराष्ट्राशी त्यांचा धागा पुन्हा जुळला तो 1936 मध्ये. खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन खेड्यात भरायचे होते. गांधीजींनी सजावटीचे काम नंदलालांवर सोपवले. बांबू, गवत अशा स्थानिक वस्तूंतून त्यांनी ते पार पाडले. 1938 च्या हरिपुरा अधिवेशनासाठी तर त्यांनी व विद्यार्थ्यांनी मिळून सुमारे चारशे चित्रफलक केले. मराठी विद्यार्थी विनायक मासोजी कलाभवनात शिकून तिथेच शिक्षक झाले होते.

बडोद्यातही ते असेच सहकाऱ्यांना घेऊन आले. 1939 ते 1946 या काळात टप्प्याटप्प्याने कीर्तिमंदिराच्या भिंतींवर गंगावतरण, मीराबाईचे जीवन, नटीर पूजा आणि महाभारतातील युद्ध ही चित्रे साकारली. पुढे 1950 च्या सुमारास महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला विभाग सुरू झाला, तेव्हा कलाभवनात घडलेले शंखो चौधुरी आणि काही काळाने के. जी. सुब्रमण्यन तिथे शिकवायला आले. म्हणजे त्या मातीच्या काळ्या घराची परंपरा आपल्या गावापर्यंत पोहोचली.

1954 मध्ये नंदलालांना पद्मविभूषण मिळाले. 16 एप्रिल 1966 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मदिनाच्या सुमारास, 1 आणि 2 डिसेंबरला, कलाभवनात नंदन मेळा भरतो. 1973 पासून सुरू झालेल्या या मेळ्यात विद्यार्थी व शिक्षक स्वतः केलेल्या वस्तू विकतात आणि ते पैसे गरजू विद्यार्थ्यांच्या मदतनिधीत जातात. मास्तरमोशायांचे याहून योग्य स्मारक सुचत नाही.

आजही दरवर्षी दूरदूरची मुले चित्रकला, शिल्पकला शिकायला बडोद्यात येतात आणि खोली शोधत आपल्याच गल्ल्यांतून फिरतात. कपड्यांना रंग लागलेला, रात्री उशिरापर्यंत जागणारा भाडेकरू नको, असे आपण कितीदा म्हणतो! पुढच्या वेळी दारात असा मुलगा किंवा मुलगी उभी राहिली तर नाही म्हणण्याआधी काळ्या घराची आठवण व्हावी. आणि जमल्यास एखाद्या रविवारी नातवंडांना घेऊन कीर्तिमंदिरात जाऊन यावे.