गुराख्याच्या बासरीला शास्त्रीय मैफलीत मानाची जागा देणारे पन्नालाल घोष

गावच्या जत्रेत गेलात तर एक माणूस हमखास दिसतो. खांद्यावर लांब काठी, काठीला खोचलेल्या ढीगभर बासऱ्या आणि त्यातलीच एक ओठाला लावून तो सिनेमाचं गाणं वाजवत फिरत असतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांची बासरीशी पहिली ओळख अशीच होते. कृष्णाच्या हातातलं, गुराख्याच्या कमरेला खोचलेलं हे वाद्य सगळ्यांच्या आवडीचं. पण साधारण ९० वर्षांपूर्वी उत्तर हिंदुस्थानी शास्त्रीय मैफलीत बासरीला कुणी फारसं विचारत नव्हतं. दक्षिणेत कर्नाटक संगीतात तिला आधीपासून मान होता. उत्तरेत मात्र ती लोकगीतांपुरती, नाहीतर नाटक-सिनेमाच्या वाद्यवृंदात साथीपुरती असायची.

हे चित्र बदललं ते पन्नालाल घोष यांनी. आणि त्यांच्यानंतर त्यांच्या घरच्यांनी ते काम पुढे नेलं.

सतारीच्या घरात बासरी

पन्नालाल यांचा जन्म २४ जुलै १९११ चा. गाव बारिसाल, म्हणजे आजच्या बांगलादेशात. त्यांचं खरं नाव अमलज्योती. घरात संगीत आधीपासूनच होतं. वडील अक्षयकुमार सतार वाजवायचे आणि पन्नालाल यांचे पहिले धडेही सतारीचेच. पण पोराचं मन रमलं बासरीत.

तरुणपणी त्यांना व्यायामाचाही नाद होता. कुस्ती, बॉक्सिंग असं सगळं सुरू होतं. स्वातंत्र्य चळवळीकडेही ते ओढले गेले. पुढे कामाच्या शोधात कोलकात्याला आले आणि न्यू थिएटर्समध्ये सिनेमाच्या संगीतात वाजवू लागले. तिथेच हार्मोनियमवादक खुशी मोहम्मद खाँ यांच्याकडे त्यांची शास्त्रीय संगीताची तालीम सुरू झाली. १९३८ मध्ये सराईकेलाच्या छाऊ नृत्यपथकासोबत ते युरोपचा दौराही करून आले.

अडचण नेमकी काय होती?

साधी बासरी आखूड असते. तिचा आवाज बारीक आणि उंच. लोकगीताची धून त्यावर छान वाजते. पण ख्याल गाणारा गायक खालच्या, म्हणजे मंद्र सप्तकात सावकाश आलापी करतो, एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत मींड घेतो. आखूड बासरीत तो भारदस्त खालचा आवाजच नव्हता. त्यामुळे रागाचा संथ विस्तार करायचा कसा, हा मोठाच प्रश्न होता.

पन्नालाल यांनी मग वाद्यालाच हात घातला. वेगवेगळ्या लांबीच्या आणि वेगवेगळ्या साहित्याच्या नळ्या घेऊन त्यांनी प्रयोग केले आणि शेवटी बांबूवरच येऊन थांबले. मात्र हा बांबू चांगला जाड आणि जवळपास ३२ इंच लांब होता. या बासरीचा आवाज खोल आणि गंभीर होता.

दुसरा बदल सातव्या छिद्राचा. नेहमीच्या बासरीत बोटांसाठी सहा छिद्रं असतात. सहाही झाकली की मंद्र पंचम वाजतो. पन्नालाल यांनी खाली करंगळीसाठी आणखी एक छिद्र पाडलं. तेही झाकलं की पंचमाच्या खालचा तीव्र मध्यम मिळतो. ऐकायला छोटी गोष्ट वाटते. पण त्यामुळे तीव्र मध्यम आणि पंचम एकमेकांना सलग जोडता येऊ लागले. यमन किंवा मारूबिहागसारख्या रागात याची किंमत फार मोठी आहे.

मुंबई, सिनेमा आणि पुन्हा शिष्य

१९४० च्या सुमारास पन्नालाल मुंबईत आले. संगीतकार अनिल विश्वास हे त्यांचे बालमित्र आणि मेहुणे. पत्नी पारुल घोष या अनिलदांच्या बहीण आणि स्वतः नावाजलेल्या पार्श्वगायिका. 'किस्मत' सिनेमात त्या गायल्या आहेत. बॉम्बे टॉकीजच्या १९४२ च्या 'बसंत'ला संगीतकार म्हणून पन्नालाल यांचं नाव लागलं आणि सिनेमा जोरात चालला.

म्हणजे नाव होतं, कामही होतं. अशा वेळी माणूस स्थिरावतो. पन्नालाल यांनी उलट केलं. १९४७ मध्ये, वयाच्या छत्तिशीत, ते मैहर घराण्याचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे शिष्य झाले. बासरीवर पूर्ण राग मांडायचा असेल तर आपली तालीम अजून पुरेशी नाही, असं त्यांना वाटत होतं.

त्यानंतरचं त्यांचं वादन ख्यालगायकीसारखं उलगडत जाणारं होतं. आधी विलंबित, मग द्रुत, आणि शेवटी ठुमरी किंवा धून. दीपावली, नूपुरध्वनी यांसारखे नवे रागही त्यांनी बांधले. १९५६ मध्ये ते दिल्लीला आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाचे संचालक म्हणून गेले. तिथेच २० एप्रिल १९६० रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. वय अवघं ४८.

मागे काय राहिलं?

सातव्या छिद्राची ही बासरी त्यांच्यासोबतच संपली असती. तिच्यावर बोटं बसवायला वेगळा रियाज लागतो, आणि तो शिकवणारं कुणीतरी हवं. ते काम केलं त्यांचे शिष्य आणि जावई देवेंद्र मुर्डेश्वर यांनी. त्यांनी मुंबईत पुढची पिढी घडवली. नित्यानंद हळदीपूर हे त्यांच्याकडे शिकलेलं मोठं नाव. देवेंद्रजींचे चिरंजीव आनंद, म्हणजे पन्नालाल यांचे नातू, हेही बासरीवादकच झाले. धाकटे भाऊ निखिल घोष यांनी तबला निवडला, पण मुंबईत 'संगीत महाभारती' ही संस्था उभारून घरातली शिकवण्याची परंपरा त्यांनी चालू ठेवली.

आजचे सगळेच बासरीवादक सातवं छिद्र वापरत नाहीत. हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी सहा छिद्रांचीच. पण मैफलीत दिसणारी ती लांब, जाड बासरी पाहिली की समजायचं, की ही वाट पन्नालाल घोष यांनी पाडलेली आहे. पुढच्या वेळी बासरीची मैफल ऐकायला गेलात, तर वादकाच्या उजव्या हाताच्या करंगळीकडे जरूर बघा. ती छिद्रावर असेल, तर बारिसालच्या त्या पोराचा प्रयोग अजून चालू आहे.